दक्षिणेकडचा बुजवलेला चर

गावात आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "आप्पा, स्कॉटलंडात काय काय बघितलं?" मी सांगतो, एक घर बघितलं. लोकांना वाटतं म्हातारा कुचकट बोलतोय. एवढं लांब जाऊन एक घर? तसं पोरानं गाडीतनं हिंडवलं. एक किल्ला बघितला. आपल्या राजहंसगडापेक्षा मोठा हाय, पण आत तिकीट आणि गर्दी. एक तळं बघितलं, पाणी काळं आणि काठावर वारा असा की टोपी सांभाळायची का धोतर ते कळेना. ही वर्णनं तुम्हाला कोणीही सांगेल. मी घर बघाय गेलतो, म्हणून घराचंच लिहितो. वाचनालयाच्या अंकाला प्रवासवर्णन पाहिजे म्हणाले, तर माझं प्रवासवर्णन हे. माझी शाळा सातवीपर्यंत, पुढची उमर बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत साचे भरण्यात गेली. माझी भाषा घासून घेतलेली नाही. ज्याला टोचेल त्यानं पान उलटावं.

घर का बघायचं होतं ते आधी सांगतो.

माझा पोरगा सुनील ग्लासगो शहरात इंजिनिअर आहे. सून वैशाली बेळगावातल्या शहापूरची, ती तिथल्या दवाखान्यात नोकरी करते. दोघांनी मिळून एका जुन्या दगडी बंगल्याचा खालचा अर्धा भाग घेतला. घेतल्या दिवशी सुनीलनं आईला फोनवर सांगितलं, "आई, बाजूला एक खोली वाढवतो. तुमची दोघांची. खोली झाली की यायचं आणि उन्हाळाभर राहायचं."

त्या दिवसापासून सुनीलची आई त्या खोलीत राहायला गेली म्हणा. हात इथं भाकरी थापायचे, डोकं तिकडं. खिडकी कुठं असंल, देव कुठं मांडायचे, कॉट भिंतीला लावतील का मधी टाकतील. वैशालीकडून कॉटचं माप मागून घेतलं आणि जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायला बसली. वाकळ झाली. खोली झाली नाही. आज परवानगी नाही, उद्या माणसं नाहीत, परवा बर्फ पडलंय. उन्हाळे आले तसे गेले. एक दिवस परड्यात कपडे वाळत घालताना ती खाली बसली ती उठली नाही. पोरगा पोचला तो राख सावडायला.

आणि ती गेल्यावर थोड्याच दिवसांत फोन आला, "आप्पा, खोली झाली."

मला त्याला समोर बसवून एकच विचारायचं होतं. आपल्या येळ्ळुरात एका हंगामात अख्खं घर उभं राहतं, तुला एका खोलीला एवढी वर्षं का लागली? आईबाप नको होते तर तसं सांगायचं. फोनवर असलं विचारून उपयोग नसतो. फोनवर माणूस आवाज तुटतोय म्हणतो आणि सुटतो. म्हणून थंडी सरल्यावर, जूनमधी मी गेलो.

विमानतळ

विमानाचं काही लिहीत नाही. बसायचं, झाकण लावून दिलेलं खायचं आणि शेजारच्याच्या घोरण्याकडं दुर्लक्ष करायचं.

ग्लासगोला उतरल्यावर तपासणीच्या बाईनं माझी पिशवी उघडली. वर कुंद्याचा डबा होता. तिनं उघडून वास घेतला आणि विचारलं, "मिल्क?" मी म्हटलं, "व्हय. मिल्क. दूध आटवून करतात, बेळगावचा हाय." खरं बोललो तिथंच चुकलो. तिकडं बाहेरचं दुधाचं काही आत नेऊ देत नाहीत. तिनं डबा उचलला आणि पेटीत टाकायला निघाली. मी म्हटलं, "अगं बाई, टाकू नको. खा तरी." तिला काय कळणार. ती हसली आणि टाकला.

मग वाकळ काढली. टेबलावर पसरली, आत काही शिवलंय का म्हणून बोटांनी चाचपली. टाके बघितले. जरा वेळ बघतच राहिली. विचारलं, कोणी केली? एवढं इंग्रजी मला येतं. म्हटलं, "वाइफ." तिनं आणि काही विचारलं, ते कळलं नाही. मी मान हलवली आणि वर बोट दाखवलं. तेव्हा तिनं वाकळेची घडी घातली, टोकाला टोक जुळवून, आणि स्वतःच्या हातानं पिशवीत ठेवली. कुंदा टाकलेली बाई ती हीच. माणसाचं काही सांगता येत नाही.

घराची पुढची बाजू

पॉलकशील्ड्स म्हणून वस्ती आहे, तिथं सगळे असलेच बंगले. राणी व्हिक्टोरियाच्या काळातले. त्या काळात इकडं आपल्या बेळगावच्या कॅम्पातही गोऱ्यांनी बंगले बांधले. पण कॅम्पातले बंगले बसके, पुढं व्हरांडा, ऊन टाळायला बांधलेले. हे तिकडचं घर ताठ उभं, ऊन हुडकायला बांधलेलं. पुढच्या खिडक्या भिंतीतून पोट काढून बाहेर आलेल्या, एका खिडकीला तीन बाजूंनी काचा. सूर्य इकडून निसटला तर तिकडून धरावा. अशा खिडक्या बांधणाऱ्या लोकांचं ऊन कसं असेल ते पहिल्या दिवशीच कळलं. आकाश धुतलेल्या तव्यासारखं, आणि पाऊस असा की पडतोय म्हणावं तर अंग भिजत नाही, थांबला म्हणावं तर टोपी ओली.

दगड तांबडा, आपल्या जांभ्यापेक्षा मऊ दिसणारा, पण सांधे इतके बारीक की नख जात नाही. छपराच्या कडेची पन्हाळी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. पाणी खाली आणणारे पाइप बिडाचे, आणि पाइप धरणाऱ्या कानांवरसुद्धा फुलं ओतलेली. पावसाच्या पाण्याच्या पाइपावर फुलं! मी हात फिरवत उभा राहिलो तर सुनील म्हणाला, "आप्पा, आत चला, भिजाल."

"ही ओतणारी माणसं मेली असतील न्हवं?"

"कवाच."

"पाइप हाय अजून," मी म्हटलं आणि आत गेलो.

दारं एकामागं एक दोन. बाहेरचं जाड लाकडी, वादळ अडवायला. मग रंगीत फरश्यांची एवढीशी खोली, मग काचेचं दार. उंबऱ्याचा दगड मधी झिजून वाटीसारखा झालाय. एवढी माणसं आली गेली, पण त्यावर कधी हळदीचं बोट उमटलं नाही. मी पाय देताना थांबलो. आत दिवाणखान्याचं छत इतकं उंच की आपलाच आवाज आपल्याला बारका वाटतो. छताच्या कडेनं चुन्याची वेल, मधोमध चुन्याचं मोठं फूल, त्यातून दिवा लोंबतोय. खिडक्या वर सरकवायच्या. चौकटीच्या पोटात दोरीला बिडाची वजनं टांगलेली असतात. खिडकी वर केली की भिंतीच्या आत कोणीतरी पाय ओढत चालल्यासारखा आवाज होतो.

माझी झोपायची सोय ह्या खोलीत केली होती. मी म्हटलं, "खोली कुठाय?"

"ही काय."

"ही न्हवं. वाढवलेली."

वैशालीनं सुनीलकडं बघितलं. सुनील म्हणाला, "उद्या दाखवतो, आप्पा. दमलाय तुम्ही."

मागची बाजू

दुसऱ्या दिवशी मी एकटाच घराला फेरी मारली. मागं गेलो आणि हसूच आलं. पुढचा घासलेला दगड कोपऱ्यावर वळतो आणि तिथंच संपतो. मागं सगळे ओबडधोबड धोंडे, चुन्यात कोंबलेले. सुनील चहा घेऊन मागं आला.

"हे काय रं?"

"मागं नोकरमाणसं असायची, आप्पा. रस्त्यावरनं दिसत न्हाय, म्हणून इथं साधा दगड."

"बरोबर हाय. तूबी फोटो पाठवायचास ते पुढच्याच बाजूचं."

 त्यानं चहा तेवढा पुढं केला.

मागं स्वयंपाकघर आहे. तिथं भिंतीवर वरच्या अंगाला घंट्यांची रांग आहे, लहानमोठ्या. मालकीण दिवाणखान्यात दोरी ओढायची, इथं घंटा वाजायची, बाई पळायची. आता तारा तुटल्यात, घंट्या शोभेच्या. शेजारी नोकरांचा अरुंद जिना आहे. तो वर जातो आणि छताला टेकून संपतो, कारण घराचे दोन भाग करताना वरची वाट बुजवली. वैशाली त्याच्या पायऱ्यांवर कांदे-बटाटे ठेवते. कुठंच न पोचणारा असा जिना मी जन्मात पहिल्यांदा बघितला.

रात्रीला भाकरी, झुणका आणि कच्चा कांदा. जोंधळ्याचं पीठ तिथं मिळतं, पण भाकरी फुगत नाही, वैशाली बिचारी तव्यावर फडक्यानं दाबून दाबून बघत होती. चव बरी होती. मी खाल्लं आणि हात धुवायच्या आधीच विचारलं.

"सुनील, एका खोलीला एवढी वर्षं का लागली?"

"परवानगी न्हवती, आप्पा. इथली घरं जुनी, हात लावायचा तर धा जणांना इचारावं लागतं."

"पयल्या वर्सात कळलं न्हाय व्हय तुला?"

"मिळालती... मग परत काढावी लागली."

"का?"

"नकाशा बदलला."

"का बदलला?"

त्यानं ताट उचललं. वैशाली म्हणाली, "आप्पा, ताक देऊ?" मी म्हटलं, "ताक नको. खोली दाखवा."

उत्तरेची बाजू

खोली घराच्या उत्तरेला होती. जुनी भिंत आणि नवी खोली ह्यांच्या मधी काचेचा बोळ, वरसुद्धा काच. बोळातून गेलं की एका बाजूला जुना दगड, एका बाजूला काळं लाकूड. नवी खोली सगळी काळ्या फळ्यांची, छप्पर सपाट, जस्ताच्या पत्र्याचं. मी विचारलं, दगडाची का नाही केली? तर म्हणाला, इथं नियमच असा, जुन्याला जोडलेलं नवं हे नवंच दिसलं पाहिजे, जुन्याचं सोंग घ्यायचं नाही. आपल्याकडं उलट. वाढवलेली खोली ओळखू येऊ नये म्हणून आपण गिलावा करतो, वरनं एकच रंग फासतो. त्यांचं मला पटलं. ज्याची त्याची उमर दिसू द्यावी.

पण आत पाय टाकला आणि माझं डोकं फिरलं. खोली चांगली मोठी. खाली लाकूड, कॉट बुटकी, चढायला त्रास नको म्हणून. न्हाणीघरात धरायला दांडे. पूर्वेच्या भिंतीत देवांना कोनाडा, त्यात समई. सगळं होतं. उजेड नव्हता. उत्तरेला भिंतभर काच, आणि काचेपलीकडं शेजाऱ्याची झाडं, हिरवीकाळी. खोलीत संध्याकाळ भरून राहिलेली. हाताला भिंत गार लागली.

"हितं आधी काय होतं?"

"कोळसा ठेवायची जागा," सुनील म्हणाला.

"असं. आणि तिकडं दक्षिणंला काय हाय?"

"बाग."

"ऊन कुठं येतं?"

"दक्षिणंला."

"म्हणजे ऊन तुला आणि तुझ्या बागंला. आणि आईबापाला कोळशाच्या जागी."

"आप्पा, तसं न्हाय."

"मग कसं? सांग की. बोल."

"तसंच करावं लागलं," एवढंच म्हणाला. माझ्यापेक्षा हातभर उंच पोरगा, दारात खाली मान घालून उभा. मला त्याची कीव आली नाही. मी म्हटलं, "मी हितं निजणार न्हाय. पुढच्या खोलीत हाय तेच बरं." आणि बोळातून परत आलो. वाकळ पिशवीतच ठेवली. ती परत न्यायची असं त्या क्षणाला ठरवलं.

दक्षिणेची बाजू

पुढचे काही दिवस मी पोराशी कामापुरतं बोललो. तो कामाला गेला की वैशालीबरोबर बाजारात जायचो. तिथं पाकिस्तानी दुकानं आहेत. कोथिंबीर, मिरच्या, भेंडी सगळं मिळतं, आणि दुकानदार हिंदीत बोलतो म्हणून जीव जरा मोकळा होतो. रस्त्यात अनोळखी माणूससुद्धा तिकडं हवेबद्दल बोलतो. गुड डे म्हणतो आणि आभाळाकडं बोट करतो. आपल्याकडं अनोळखी माणूस पहिलं गाव विचारतो, मग जात कुठली ते घुमवून फिरवून काढतो. हवा बरी.

वरच्या मजल्यावर मार्गारेट नावाची म्हातारी एकटी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एके दिवशी पाऊस थांबला, ऊन पडलं, तशी ती दक्षिणेच्या बागेत खुर्च्या मांडून बसली आणि मला हाक मारली. वैशालीला सुट्टी होती. ती मधी बसून दोन्हीकडचं सांगत होती.

मी विचारलं, तुम्ही इंग्लिश लोक चहात साखर का घालत नाही? मार्गारेट खुर्चीतून अर्धी उठली. "इंग्लिश? मी इंग्लिश नाही!" वैशाली हसून सांगू लागली तोवर मला कळलंच होतं. येळ्ळूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मी म्हटलं, "सांग तिला, माझ्या पासपोर्टावर कर्नाटक लिवलंय, पण मला कन्नड माणूस म्हटलं की मीबी असाच उठतो." तिनं ते ऐकलं आणि माझ्या हातावर हात मारला. सुनीलची आई गेल्यावर मी हसलो असेन तर त्या दिवशी.

ऊन छान होतं. घराच्या त्या बाजूचा दगड तापून मधासारखा दिसत होता. मी उठून जरा चालायला लागलो. बागेत हिरवळ आहे. चालता चालता पाय किंचित खाली गेला. बघितलं तर गवताचा एक पट्टा खचलेला, सरळ रेघेत. रेघ घराच्या भिंतीपासून निघते, बागेत जाते, काटकोनात वळते, पुढं जाऊन परत वळते आणि भिंतीला मिळते. पट्ट्यातलं गवत जरा वेगळं, जास्त हिरवं. मी त्या रेघेवरून चालत पुरी फेरी मारली. पाया काढलेला आणि परत बुजवलेला चर कसा दिसतो ते खेड्यातल्या माणसाला ओळखू येतं. खोलीचा आकार होता. दरवाजाची जागासुद्धा भिंतीवर रंगानं खुणावलेली होती, पावसानं पुसट झालेली.

"वैशाली, हे काय?"

तिनं मार्गारेटकडं बघितलं. मार्गारेटनंच सांगायला सुरुवात केली. हातानं खणल्यासारखं केलं, मग ढकलल्यासारखं केलं. वैशाली खाली बघत एकेक वाक्य मराठीत सांगत होती. "त्या म्हणतात, इथं चर खणून झाला होता. आणि एक दिवस माणसं आली आणि सगळी माती परत आत ढकलली. सुनील पावसात उभा राहून बघत होता. त्या म्हणतात, त्यांना वाटलं ह्याला वेड लागलं. उन्हाची बाजू सोडून कोण जातं?"

मार्गारेट वर गेली तशी मी वैशालीला म्हटलं, "आता तू सांग."

"त्यांनी सांगू नको म्हटलंय, आप्पा."

"त्यानं म्हटलंय. मी सांग म्हणतोय."

तिनं पदर नसताना पदर सारखा केल्यासारखं खांद्यावर हात फिरवला. "आईंनी फोन केलता," ती म्हणाली. "चर खणलेला आम्ही त्यांना व्हिडिओवर दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यांना बेळगावात कुणीतरी वास्तू बघणाऱ्याकडं नेलतं. त्यानं सांगितलं, दक्षिण ही यमाची दिशा. घर दक्षिणेला वाढवलं तर घरधन्याला वर्ष निघत नाही. आई फोनवर रडत होत्या. म्हणाल्या, माझ्या पोराच्या जिवावर मला ऊन नको. मी थांबते, पण ते बुजवा. आप्पांना कळू देऊ नका, ते हसतील मला."

हसलोच असतो. हसलो असतो, दोन शब्द बोललो असतो, आणि खोली दक्षिणेला उभी राहिली असती. पण माझ्यापर्यंत कोणी आलंच नाही. चर बुजला, नवा नकाशा, नवी परवानगी, ती माणसं दुसऱ्या कामाला गेली, मग थंडी. तेवढ्यात ती परड्यात बसली.

आपल्याकडं दक्षिणेला घर वाढवत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. माझ्याही घराला तिकडं खिडकी नाही. पण इथं कडक उन्हात दक्षिण टाळणं वेगळं, आणि जिथं माणसं ऊन सापडावं म्हणून खिडक्या भिंतीबाहेर काढतात तिथं टाळणं वेगळं. बेळगावात पंख्याखाली बसलेल्या माणसानं ग्लासगोचं घर फिरवलं. एवढ्या लांब हात पोचणारी विद्या मी दुसरी बघितली नाही.

सुनील कामावरून आला. मी त्याला त्या चरावरच उभा केला.

"एवढं शिकलास. इमारती बांधतोस. आणि यमाच्या दिशेला भ्यालास?"

त्यानं वैशालीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मी न्हाय भ्यालो. आई भ्याली."

"मग समजवायचं तिला! न्हायतर ऐकायचं न्हाय!"

"आजवर काय ऐकलं तिचं मी?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "जाऊ नको म्हणाली, आलो. परत ये म्हणाली, न्हाय गेलो. एकदा तिनं काही मागितलं जे मला देता येत होतं. एकदाच ऐकलं, आप्पा."

"आणि मला का सांगितलं न्हाईस? मी आल्यापासनं तुला बोलतोय."

"सांगितलं असतं तर तुम्ही तिला बोलला असता. ती नसताना बोलत बसला असता, घरात एकटं. त्यापेक्षा मला बोललेलं बरं."

 एवढा राग सांभाळून, विमानात मांडीवर घेऊन मी तिथवर नेला होता, आणि ठेवायला जागाच नव्हती. पोरावर ठेवावा तर तो असा उभा. तिच्यावर ठेवावा तर ती नाही. मी गवतात बसलो. खचलेल्या पट्ट्यावरच बसलो. सुनील शेजारी बसला. वैशाली आत जाऊन उगाच भांडी वाजवत राहिली.

परत उत्तरेची बाजू

त्यानंतर एक दिवस आभाळ पुरतं मोकळं झालं. मी तिथं गेल्यापासून असा दिवस पहिलाच. जेवणं झाली. तिकडं जूनमधी जेवण झालं तरी दिवस असतो, आपल्या गावात गुरं घरी येतात तेवढा उजेड. मी दिवाणखान्यात बसलो होतो, तिथं सावली पडली होती. पाणी प्यायला उठलो तर काचेचा बोळ पेटल्यासारखा दिसला.

मी गेलो. नव्या खोलीत ऊन होतं. उत्तरेच्या काचेतून, शेजाऱ्याच्या झाडांच्या फटीतून, तिरकं, पिवळं ऊन थेट कॉटवर पडलं होतं. भिंतीवर, देवाच्या कोनाड्यात, समईवर. त्या काळ्या खोलीत, जिथं मी कोळसा कोळसा म्हणत होतो.

"सुनील!" मी हाक मारली. दोघं पळत आली, म्हातारा पडला वाटून.

"हे कुठनं आलं?"

सुनीलही बघतच राहिला. "उन्हाळ्यात इथं सूर्य पार उत्तरंच्या अंगाला जाऊन मावळतो, आप्पा. ते माहीत होतं. पण खोलीत एवढं येतं ते न्हवतं माहीत. खोली थंडीत झाली. खोलीचा हा पहिला उन्हाळा."

मी पुढच्या खोलीतून पिशवी आणली. वाकळ काढून कॉटवर पसरली. मापात बसली, बसणारच होती. हिरव्या इरकलीचे तुकडे, लेकीसारख्या जपलेल्या लुगड्यांचे काठ, मधी माझ्या खाकी शर्टाचा एक तुकडा, फौंड्रीतल्या ठिणगीनं पडलेल्या भोकाला तिनं लाल दोऱ्यानं फूल काढलेलं. तो तुकडा तिनं कधी उचलला मला ठाऊकच नव्हतं. सगळ्यावर ऊन.

मी कडेला बसलो. सूर्य मावळायचं नाव घेईना. आमच्याकडं सूर्य पाच-दहा मिनिटांत डोंगराआड जातो. इथं तो झाडांच्या शेंड्यावरनं सरकतो, थांबतो, परत सरकतो. सुनीलच्या आईसारखा, पाहुण्याच्या दारात निघते निघते म्हणत उभा. मी त्या सूर्याला जे बोललो ते अंकात छापण्यासारखं नाही.

सुनील म्हणाला, "आप्पा, इथंच रहा. आमच्याजवळ."

"न्हाय," मी म्हटलं. "घर चांगलं हाय तुझं. पर मला हितं जमायचं न्हाय. वाकळ ठेवून जातो." उरलेले दिवस मी त्याच खोलीत झोपलो. त्यातल्या एकाच संध्याकाळी परत ऊन आलं. बाकी ढग.

येळ्ळूर

आल्यावर मी बेळगावात त्या वास्तू बघणाऱ्याला हुडकून काढलं. वाचणाऱ्यांतले काही जण त्याच्याकडं जातात म्हणून नाव लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक असेल. बाहेर बाकावर माणसं बसली होती. माझी पाळी आल्यावर मी सगळं सांगितलं. कोण, कधी आली, काय सांगितलंस, पुढं काय झालं. त्याला ती आठवत नव्हती. पण तो गांगरला नाही. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला,

"आप्पा, पोरगा जिता हाय न्हवं? मग?"

 चर तसाच ठेवला असता तर पोराला काही झालं नसतं हे मी कुठनं दाखवू? जे बांधलंच नाही त्याचा पुरावा कुणापाशी नसतो. म्हणून त्यांचा धंदा चालतो. मी चपला घातल्या. बाकावर एक बाई नकाशा मांडीवर घेऊन बसली होती. तिला सांगावंसं वाटलं, घरी जा. सांगितलं नाही. तिचाही पोरगा असेल कुठंतरी.

घरी आलो. परड्यात दोरी अजून आहे, मीच कपडे वाळत घालतो. उत्तरेच्या खोलीत ऊन येतं, उशिरा येतं आणि लवकर जात नाही, हे मला एकाच माणसाला सांगायचं होतं. तुम्ही विचारलंत म्हणून तुम्हाला सांगितलं.